आज ह्यांचा वार

दवाखान्यात नंबर काही पुढे सरकत नव्हता. बसून बसून कंबर धरलेल्या शिंपीणबाईंच्या कानांवर मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या मैत्रिणींचं बोलणं पडत होतं.

“लागला का एकदाचा तुझा नवा टीव्ही?”

“लागला बाई! जोडायला आलेल्याने नुसतं डोकं उठवलं. म्हणे, घरात कोण कोण बघणार? सगळ्यांची नावं घालतो.”

“मग?”

“घातली की. ह्यांचं, मुलाचं, सुनेचं, नातीचं.”

“अगं, भावोजी जाऊन वर्ष झालं! आणि पोरं तिकडे परदेशात.”

“ठाऊक आहे गं. तोंडात आली तशी सांगितली.”

“आणि तुझं नाव?”

“माझं राहिलंच. मी चहा टाकायला उठले होते.”

“आता गं?”

“आता रोज लावला की मेला विचारतो, कोण बघतंय? मग पाळ्याच लावल्यात. काल नातीचं नाव दाबलं. तासभर कार्टून बघून डोळे चुरचुरले.”

“आणि आज?”

“आज ह्यांचा वार. म्हणजे कुस्त्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, झोप येते बघ. पण मधेच बंद केलेलं ह्यांना खपत नाही.”