ब्राउजरला कळता कामा नये

आमच्या मामांना फुकट मिळालेल्या वस्तूचा भारी संशय. मंगळवेढ्यात त्यांचं किराणा दुकान. मागं त्यांनी सोलापुरातनं नवा लॅपटॉप नेला. लेकीच्या कॉलेजचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, आणि लॅपटॉपबरोबर आलेल्या ब्राउजरमध्ये फॉर्मच उघडेना. मग मला बोलावलं.

मी म्हटलं, "दुसरा ब्राउजर घेऊ."

"कुटनं घ्यायचा?"

"ह्याच ब्राउजरमधनं."

मामा म्हणाले, "म्हंजे समोरच्या दुकानाचा पत्ता ह्या दुकानदारालाच इचारायचा? आन् ह्यो खरा सांगंल व्हय?"

मी शोधायला लागलो, तर वर पाटी आली: तुमच्याकडे चांगला ब्राउजर आहे, दुसरा कशाला?

"हात काढ!" मामा ओरडले. "आपण निगालोय, हे ह्याला कुणी सांगितलं?"

अर्धा तास त्यांनी मला लॅपटॉपला हात लावू दिला नाही. लेक रडकुंडीला आली, तेव्हा कुठं नवा ब्राउजर घेतला आणि फॉर्म गेला.

परवा गेलो, तर मामा जुन्याच ब्राउजरमध्ये पंचांग बघत बसलेले.

"का हो मामा, नवा चालंना का?"

"हळू बोल की!" मामांनी आधी लॅपटॉप मिटला. "नवा झकास चालतोय. पर पंचांग रोज ह्याच्यातच बघतो. पोरीची ॲडमिशन व्हायचीय अजून. गिऱ्हाईक तुटलं की दुकानदार कसा डूख धरतो, ते मला इचार."