रोणच्या शाळेतली सत्तावीस मिनिटं

रेवणप्पा : समज इंचरा, तू मैदानात रोवलेला खांब आहेस. हलायचं नाही. सूर्य चढत चढत माथ्यावर आला, तुझी सावली आखूड होत होत पायाशी आली. आता घड्याळात किती वाजले?

इंचरा : बारा!

रेवणप्पा : फसलीस. देशभरची घड्याळं तिकडे पूर्वेला, मिर्झापूरच्या सूर्यावर लावलेली. तिथं तो माथ्यावर आला की सगळीकडे बारा. तिथून आपल्या रोणला यायला त्याला सत्तावीस मिनिटं लागतात.

इंचरा : बापरे, गदग-रोण बसपेक्षा लवकर येतो की!

रेवणप्पा : आणि वाटेत चहाला थांबत नाही. मग रोणला सावली सगळ्यांत आखूड, तेव्हा घड्याळात?

इंचरा : बारा... सत्तावीस.

रेवणप्पा : शाबास! शाळेच्या दगडी सूर्यघड्याळात मी ही सत्तावीस मिनिटं आधीच धरलीत. पोरांनी सावली बघायची आणि थेट वेळ वाचायची. हा बघ त्याचा नकाशा. मधली रेघ वाच.

इंचरा : अकरा तेहतीस.

रेवणप्पा : नीट वाच.

इंचरा : नीटच वाचलं. अकरा तेहतीस. अज्जा, तू मिळवायचं सोडून वजा केलंस?

रेवणप्पा : आण इकडे. चष्मा कुठाय माझा?

इंचरा : डोळ्यांवरच आहे.

रेवणप्पा : ... नीलू! अगं नीलू, माझी पिशवी काढ. छिन्नी, हातोडी, गुण्या. अडीचची बस आहे.

नीलव्वा : कुठली बस? भाकरी थापतेय मी. नोकरीत होतात तेव्हा निदान रविवारी तरी घरी असायचात.

रेवणप्पा : रोणचा दगड चुकलाय. चोपन्न मिनिटांनी. उद्या उद्घाटन आहे!

नीलव्वा : कुठंही जायचं नाही. मागच्या महिन्यात हुबळीच्या स्टँडवर चार तास बसला होतात. कंडक्टरनं गाव विचारलं तर त्याला तुमच्या आईचं नाव सांगितलंत.

रेवणप्पा : पोरीसमोर नको.

इंचरा : मला माहितीये, अज्जा. अप्पा फोनवर बोलत होते.

रेवणप्पा : मग घरात सगळ्यांनाच ठाऊक. मलाच नव्हतं, होय?

नीलव्वा : तुम्हालाही सांगितलं होतं हो. दोनदा.

रेवणप्पा : ... दोनदा?

नीलव्वा : अहो, बसा. पाणी घ्या. मी मास्तरांना फोन करते, उद्घाटन पुढं ढकला म्हणते. दगडात काहीतरी चुकलंय म्हणून सांगते.

रेवणप्पा : दगड चुकत नाही. शहाबादी फरशी ती, जे कोरलं ते धरून बसली. सांग, रेवणप्पा चुकला. चौतीस वर्षं सर्व्हे खात्यात नकाशे काढले, कधी एक रेघ इकडची तिकडे झाली नाही, म्हणावं, आणि आता त्याला मिळवणं-वजा कळत नाही.

नीलव्वा : असं काय बोलता?

रेवणप्पा : मग कसं बोलू? ती पोरं मनगटावरचं घड्याळ बघतील, दगड बघतील, आणि म्हणतील ही विद्याच खोटी. एखादं हुशार पोर असेल, ते पुन्हा कधी सावलीकडे बघणार नाही. मी शिकवायला गेलो होतो गं, फसवायला नाही.

नीलव्वा : एकच तर चुकलंय. नवीन फरशी घालू. मी येते ना बरोबर, दोघं जाऊ बुधवारी. चुरमुऱ्यांचं गिरमिट खाऊ स्टँडवर.

रेवणप्पा : एकच कशावरून?

नीलव्वा : म्हणजे?

रेवणप्पा : निवृत्त झाल्यापासून अशी अकरा घड्याळं बसवली. लक्ष्मेश्वर, नरगुंद, मुंडरगी, कोप्पळचं ते वसतिगृह... हे डोक्यातलं कधीपासून सुरू झालं, कुणाला ठाऊक? तुला आठवतं?

नीलव्वा : दिवाळीच्या आसपास मला वाटलं होतं. कदाचित त्याच्याही आधी.

रेवणप्पा : त्याच्याही आधी. ऐकलंस इंचरा? ती निळी वही दे. नको, मला देऊ नकोस. तूच उघड.

इंचरा : मी? मला हे सगळं कुठं येतं?

रेवणप्पा : आत्ताच आलं की. प्रत्येक गावाचा आकडा पहिल्या ओळीत लिहिलाय. आपल्या बाजूला कुठलंही गाव असो, मिळवायचं. वजा केलेलं दिसलं की खूण कर.

नीलव्वा : अहो, दहा वर्षांची आहे ती. तिच्यावर कसला भार टाकता? तुम्हीच बघा ना सावकाश.

रेवणप्पा : मी बघितलं तर मला सगळी बरोबरच दिसतील, नीलू.

नीलव्वा : शिव शिव...

रेवणप्पा : शेवटच्या पानापासून मागं जा, बाळ. जिथं पहिलं बरोबर सापडेल तिथं मला हाक मार. निदान कळेल तरी, मी कुठपर्यंत होतो.

इंचरा : (पेन्सिल घेऊन, वही मांडीवर ओढून) रोण झालं. त्याच्या आधीचं मुंडरगी. सव्वीस मिनिटं... अज्जा, आता बोलू नकोस हं. मी मोजतेय.