आधी एकाचं काढ

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. माया करायची, तर किती करायची? — ती मागची माउली म्हणते, "महाराज, मायेला कुठं माप असतं?" मलाही तसंच वाटायचं! तर भामाची गोष्ट ऐका, मग बोलू.

भामा सातवीत होती. पोर चुणचुणीत, पण गणितात गुणोत्तर-प्रमाण आलं की डोक्याला कुलूप! घाडगे गुरुजींनी विचारलं, "तीन माणसांना सहा भाकरी लागतात, तर सात माणसांना किती?" भामा म्हणाली, "ज्याच्या त्याच्या भुकेवर, गुरुजी!"

हसताय काय? खोटं बोलली का ती?

गुरुजीही हसले. शाळा सुटल्यावर तिला जवळ बसवलं. "भामे, साताच्या मागं धावू नकोस. आधी एकाचं काढ. एका माणसाला किती?"

"दोन."

"मग साताला?"

"चौदा!" — आणि अशी हरखली पोर, जणू चौदा भाकऱ्या तिनंच थापल्या!

पुढं भामा लग्न होऊन डोंगरातल्या वाडीवर गेली. पदरात मुक्ता आली, दोन वर्षांची झाली. आणि एका उन्हाळ्यात वाडीची विहीर नासली. घरोघर जुलाब, उलट्या! दवाखान्याच्या गाडीला निरोप गेला, पण घाट चढून ती यायची संध्याकाळी. वाडीचं औषधपाणी बघणाऱ्या आशाताईंकडची साखर-मिठाची पाकिटं सकाळीच संपली. देवळात माणसं आडवी पडलेली — आणि त्यांत मुक्ता! डोळे खोल गेलेले, रडायचंही त्राण नाही.

भामाची सासू पारूबाई. जीव लावणारी बाई हो! उकळून गार केलेल्या पाण्याची कळशी पुढं ओढली आणि मिठाच्या बरणीत हात घातला. मूठभर मीठ!

"आत्याबाई, थांबा!"

"अगं, पोरं निपचित पडलीत! चार दाणे जास्त पडले तर लवकर उठतील!"

"उठायची नाहीत, आत्याबाई. मीठ जास्त झालं तर हातची जातील."

मूठ हवेतच राहिली. आता सगळी वाडी भामाकडं बघायला लागली. आशाताई म्हणाल्या, "लिटरला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, सपाट भरून. पण एवढ्या माणसांना लिटरनं कसं पुरायचं गं?"

भामानं मुक्ताला जवळ ओढलं. मांडीवर स्वतःची लेक! भामानं डोळे मिटले — आणि गुरुजींचा आवाज आला. आधी एकाचं काढ.

एका लिटरचं तर हातात आहे! तिनं लिटरच्या बाटलीनं कळशी मोजली. दहा भरल्या. म्हणजे साखर साठ चमचे, मीठ पाच. साठ चमचे कोण मोजत बसणार? वाटीत चमचे ओतून पाहिले — तीस मावले. दोन वाट्या साखर, पाच चमचे मीठ! मोठ्या पातेल्यात चार कळशा उकळलेलं पाणी? आठ वाट्या, वीस चमचे! आणि ढवळायला कोण बसलं? पारूबाई!

चमच्या-चमच्यानं पाणी पोटात जाऊ लागलं. दिवस कलता कलता मुक्ता कुरकुरली, मग भोकाड पसरलं! मंडळी, पोराचं रडणं इतकं गोड कधी ऐकलंय? गाडी आली. डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं आणि म्हणाले, "वेळेवर पाणी दिलंत. सगळे वाचले."

पारूबाईनं सुनेचा हात धरला. "बाई गं, माझ्या मायेनं आज घात केला असता."

मुक्ता खडखडीत बरी झाल्यावर भामा तिला घेऊन घाडगे गुरुजींच्या घरी गेली. गुरुजी थकलेले, ओट्यावर बसलेले. तिनं पायांवर डोकं ठेवलं, सगळं सांगितलं. गुरुजी ओशाळून म्हणाले, "पोरी, मला तुझं नावही आठवत नाही गं."

भामाचे डोळे भरले. "असू दे, गुरुजी. मला आठवतंय ना!" आणि मुक्ताला त्यांच्या मांडीवर दिलं.

मंडळी, माया अमाप असावी. पण दुसऱ्याच्या ओंजळीत घालताना ती त्याला सोसेल एवढीच घालावी. आणि हे कळायला कुणीतरी शाळा सुटल्यावर आपल्यापाशी बसलेलं असतं! तुमच्यापाशी कोण बसलं होतं? नाव आठवा. मनात नको — मोठ्यानं घ्या! देवाचं नाव त्यानंतर घेऊ, तो थांबेल.