खालच्या कप्प्यातलं पातेलं

“पातेलं तिचं आहे म्हणून सांगू या, ती कुठे काही बोलते?” असं आमच्या हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात लांबू, म्हणजे ताडमाड उंच म्हणून मी मनात लांबू म्हणायचे तो मुलगा, म्हणत होता आणि मी दाराबाहेर माझा विसळलेला कप हातात धरून उभी होते, आणि तुम्हाला सांगते, मला आधी राग आलाच नाही, आधी किळस आली, कारण पातेलं म्हणजे कुठलं पातेलं हे मला कळलं आणि त्याचा वास नुसत्या आठवणीनंच नाकाला झोंबला. मी काही बोलले नाही. कप घेऊन खोलीत परत गेले.

अहो, लग्नाचा अल्बमसुद्धा अजून हातात आला नव्हता, तेवढ्यात एका सत्रासाठी परदेशी विद्यापीठात माझी निवड झाली. आत्येसासूबाई म्हणाल्या, “जाऊ दे की, हौस फिटली की येईल आपोआप परत.” सासूबाई मात्र ठाम, “तू जा गं, मी बघते कोण काय म्हणतं ते.” आणि विमानतळावर मला जवळ घेऊन कानात काय सांगावं? “ओटा पुसून झोपत जा हो.” आता मी ज्ञान मिळवायला निघालेली आणि निरोप ओट्याचा... पण मी काही बोलले नाही.

आणि तो ओटा! तुम्ही पाहायला हवा होता, नाही, नकोच, जेवणं व्हायची असतील तुमची. पहिल्या दिवशी मी चहापुरतं पाणी घ्यायला गेले तर बेसिनमध्ये कुणाच्या तरी शेवया पोहत होत्या, तळाशी केसांचा बुचका, आणि स्पंज एकच, काळा, बुळबुळीत, त्यानंच कप पुसायचे, त्यानंच टेबल पुसायचं, आणि जमिनीवर दूध सांडलं की तोच स्पंज पायाच्या अंगठ्यानं फिरवायचा आणि परत बेसिनवर ठेवायचा. त्याच टेबलावर लांबू पायाची नखं कापत बसलेला. मला साधा कप भरायला जागा नव्हती म्हणून मी बेसिन रिकामं केलं, म्हणजे सगळी भांडी घासली, आणि तिथेच माझं नशीब ठरलं. दुसऱ्या दिवशी भांडी दुप्पट. लांबूच्या शेजारच्या खोलीतली गाणारी, सकाळपासून आ आ करत असायची म्हणून गाणारी, तिनं तर आपली कढई माझ्या हातातच दिली आणि गोड हसली. त्यांची पक्की समजूत, की मला घासायला आवडतं. सासर सोडून इतक्या लांब आले ती दुसऱ्या सासरी नांदायला, आणि तिथे नवरासुद्धा नाही. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणतो कसा, “अगं एक सत्र तर काढायचंय, घे सांभाळून,” आणि लगेच तिकडे तोंड वळवून, “आई, पोळी वाढ.” काय बोलणार? मी काही बोलले नाही.

पातेलं होतं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. ते माझ्या आधीपासून तिथे नांदत होतं, म्हणजे मानानं माझी थोरली जाऊच. झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी, आणि तुम्हाला सांगते, ते झाकण मधोमध फुगलेलं, पट्टीच्या कडेनं हिरवट काहीतरी पाझरून वाळलेलं. दार उघडलं की आधी श्वास रोखायचा, मग आपलं दही उचलायचं. शेवटी वरच्या मजल्यावरून वासाची तक्रार गेली आणि वॉर्डनबाईंनी दारावर नोटीस लावली, ज्याचं भांडं त्याची खोली रिकामी, आणि त्याच्या कॉलेजला पत्र. माझ्या कॉलेजला पत्र, म्हणजे सत्र बुडालं, आणि आत्येसासूबाई तर बसल्याच होत्या वाट पाहत.

तर दाराबाहेर मी ऐकलं ते हे. गाणारी म्हणाली, “अरे, पण तुझ्या आईनं दिलेलं सूप ना ते?” आणि लांबू म्हणाला, “हो, पण फेकलं म्हटलं तर आई रडेल, आणि आता ते उघडायचं कुणी? तिचं म्हणून सांगू या.” हे सगळं त्यांच्या भाषेत, अगदी निर्धास्त. कारण आमच्याकडून आलेलं माणूस संगणकच शिकणार, हे त्यांनी गृहीत धरलेलं. मी काय शिकते हे कुणी विचारलंच नाही. मी त्यांची भाषा शिकायला गेले होते हो! आपल्याकडे त्या भाषेच्या परीक्षेत पहिली आले होते.

संध्याकाळी वॉर्डनबाई आल्या, हातमोजे घालून. पातेलं अंगापासून लांब धरून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि विचारलं, कुणाचं. लांबूनं मान खाली घातली, आवाज मऊ केला आणि म्हणाला, तिच्या देशात असं आंबवून खातात, आम्ही कधी काही म्हटलं नाही, आम्हाला इतर संस्कृतींबद्दल आदर आहे. आदर! माझ्या घरात भाजी एक रात्र राहिली तर सासूबाई तिच्यावर चौकशी समिती नेमतात, आणि हा माझ्या संस्कृतीला बुरशी चिकटवतोय... गाणारी खिडकीबाहेर बघत होती. वॉर्डनबाई माझ्याकडे वळल्या आणि बहिऱ्याशी बोलावं तसं सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, “हे... तुझं... आहे?”

आणि तुम्हाला सांगते, एवढ्या दिवसांनी माझं तोंड उघडलं, त्यांच्याच भाषेत, व्याकरणासकट. लांबूच्या हातातला चमचा खाली पडला. तोही मीच घासणार होते, म्हणा.

मी म्हणाले, “बाई, हे त्याच्या आईच्या हातचं सूप आहे. आईच्या हातचं दुसऱ्यानं कसं उघडायचं? झाकण त्याला काढू दे. पातेलं काय, नेहमीसारखं मी घासते.”