इंजिनाचं फाउंडेशन आन् आबांची कवळी

लिवून घ्या, आमी कऱ्हाटीचे. नाव सिद्धार्थ, पन बारामतीत इच्यारलं तर सिधूमिस्त्रीच म्हना, न्हायतर गॅरेज कुनी दावायचं न्हाय. आमच्या आज्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तवा आबा, म्हंजी माजे वडील, शाळंत शिकत व्हते. पुढं शिकून मास्तर झाले आन् आमच्या घरात पयला पगार आला. त्येच्यामुळं आबांचं एकच म्हननं, पोरानं नोकरी करावी, हात काळे करू नयेत. आन् मी तर कोपरापत्तोर काळा.

मी शिकलो कुठं, तर नदीकाठच्या पान्याच्या इंजिनांवर. त्येचं काम सोपं असतं, सिमिटाचा ओटा करायचा, त्यात बोल्ट गाडायचे, वर इंजिन ठिवून नटं अशी आवळायची की भूकंप झाला तरी हालता कामा नये. इंजिन हालतंय म्हंजी मिस्त्री बेकार, ह्येच डोस्क्यात बसलेलं. आता ह्येच डोस्कं मी ट्रकला लावलं, काय सांगू तुमास्नी, तितंच सगळा घोटाळा झाला.

ही नव्वदच्या पुढची गोष्ट हाय. कारखान्याचा हंगाम संपला की ऊस वाहनारे ड्रायव्हर मोकळ्या ट्रकांची पळवापळवी करायचे. कालव्याकडंच्या सरळ रस्त्यावर, बाभळीपासनं पुलापत्तोर, दोनच गाड्या. बारामतीची एक आन् इंदापूरची एक. नियमबी व्हता बरं का. एका साली इंदापूरवाल्या पोपटनं वजन कमी व्हावं म्हनून वाटंत मागचा फाळका पाडला, जॅक टाकला, स्टेपनी टाकली आन् निम्माच ट्रक घिऊन जितला. तवापासनं ठरलं की गाडीचं जे जे निघंल ते ते पोचलं पायजे, आन् दर गाडीत एक वडीलधारं मानूस साक्षीला बसंल. पंच म्हनून ऊसतोडीचे मुकादम, बापू.

त्या साली आमच्या कऱ्हाटीच्या तात्यांनी आपला ट्रक माज्याकडं आनला. म्हनाले, सिधू, पोपटनं तीन वर्सं नाक कापलंय, औंदा गाडी तू कर. आन् त्याच आठवड्यात आबांनी एष्टीच्या डेपोतल्या नोकरीचा अर्ज आनला. मला म्हनाले, हे बघ, शर्यत जिंकलास तर गॅरेज तुझं, मी पुन्हा शब्द काढणार नाही. हरलास तर या अर्जावर सही. आबा घरातबी शुद्ध बोलायचे, रागावले तरी शुद्धच. मी व्हय म्हनलो.

आता इंजिन बसवायचं कसं, ह्यो खरा सवाल. गाडीत इंजिनाखाली रबर असतंय, त्याला आमी फाउंडेशन रबर म्हनतो. तात्यांच्या गाडीचं रबर पार फाटलेलं, जोरात क्लच सोडला की इंजिन एका अंगाला झुकायचं आन् गिअर सटकायचा. तात्या म्हनाले नवं रबर घाल. मी म्हनलं तात्या, रबर दबतंय म्हंजी जोर रबरात जातोय, चाकाला काय ऱ्हातंय? मी घडीव लोखंडाच्या पट्ट्या टाकतो, इंजिन आन् चासी एकच करून टाकतो. तात्या डोकं खाजवत म्हनाले, आरं पन ह्ये काय हिरीवरचं इंजिन हाय का? मी म्हनलं तात्या, इंजिन ते इंजिन. लई शाना व्हतो मी तवा.

नटं आवळून गाडी चालू केली तर टपाच्या पत्र्यापासनं आरशापत्तोर सगळं थरथरायला लागलं. तात्यांनी चा ठिवला व्हता गॅरेजच्या टपरीत, बशी त्यातल्या चासकट भुईला. मी म्हनलं हीच तर ताकद हाय.

शर्यतीच्या सकाळी बापूंनी इच्यारलं, बारामतीच्या गाडीत साक्षीला कोन? तर पोपटच म्हनाला, मास्तरांना बसवा, सख्ख्या पोरासाटी सुदीक खोटं बोलनार न्हाईत ते. आता बगा, दुश्मनानं एवढा इश्वास टाकला. आबा धोतर सावरत वर चढले, तात्या स्टेरिंगवर, आन् मी मधी इंजिनाच्या झाकनावर.

बापूंनी उपरनं खाली टाकलं. तात्यांनी क्लच सोडला आन् अगं आय आय, गाडी अशी उसळली की पोपटची गाडी धुरळ्यातच ऱ्हायली! गिअर सटकला न्हाय, काय न्हाय. पन आमचं हाल इच्यारू नका. तात्यांना म्होरं एकाचे दोन रस्ते दिसत व्हते, त्यातल्या मधनंच गाडी घातली म्हनले नंतर. माजं बूड बधिर. आबा खिडकीतनं तोंड भाईर काढून वरडाय लागले, हळू, अरे हळू! आन् पुलाच्या अलीकडं त्येंचा आवाजच बंद झाला. मला वाटलं, राग आला.

पूल आला, आमी पयले! लोकं शिट्ट्या मारत्यात, फेटं उडवत्यात. बापूंनी गाडीभवती फेरी मारली, फाळका हाय, स्टेपनी हाय, जॅक हाय. मग इच्यारलं, मास्तर, खरं सांगा, वाटंत काय पडलं का? आबा तोंड मिटून उभे. मी बघतोय, हे बोलत का न्हाईत? मग त्येंनी तोंड उघडलं, तर सगळं बोळकं. म्हनाले, पडलं. माझी कवळी पडली.

पोपटनं टुनकन उडीच मारली. हारली, हारली! गाडीतनं निघालेले दात पोचले न्हाईत! बापूबी इचारात पडले. माज्या डोळ्याम्होरं डेपो दिसाय लागला. आन् आबांना तरी काय, आता पोपटला उलटून बोलले नसते तर पोराची नोकरी पक्की व्हती.

पन आबा खवळले. जल्मात पयल्यांदा त्येंची शुद्ध भाषा सुटली. म्हनले, ए पोपट, नियम गाडीच्या सामानाचा हाय! तात्या, गाडीच्या नोंदीचं आरशी बुक काढा! बापू, बघा, हाय का कुठं लिवल्यालं, मास्तराचे दात? बापूंना वाचता येत न्हवतं तरी त्येंनी बुक उलटंपालटं करून नीट बघितलं आन् सांगितलं, दात न्हाईत. गाडी बारामतीची जितली.

मग दोनी गावं मिळून दात हुडकाय लागली, पोपट सुदीक. एका तोडकरी बाईला पाचटात घावले. तिनं पदरानं पुसून दिले. आबांनी सदऱ्याच्या खिशातनं एक कागुद काढला आन् कवळी त्यात गुंडाळली. मी वळखला. डेपोचा अर्ज, त्येंच्या वळनदार अक्षरात माजं नाव भरल्यालं. म्हनलं, आबा, त्यो अर्ज हाय. म्हनले, ठाऊक हाय मला, मीच भरलाय. आन् उद्या त्या इंजिनाखाली रबर घाल. गाडी तुझी पळती रे, पन मानूस बसत न्हाय तिच्यात.

मला लई भरून आलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिशी रबर घातलं. तवापासनं हजार गाड्या केल्या असतील, रबराबिगर एक न्हाय. आबा गेले त्याला आता बरीच वर्सं झाली, पन गाडी जोडून झाली की अजूनबी मी आदी झाकनावर बसून बघतो, म्हातारं मानूस बसंल का हितं? तुमी चा घ्या. तुमचीबी गाडी भाईर लई थरथरतीया, मगाशी आवाज आयकला मी. जाताना रबर बदलून जावा, आन् तुमचे दात म्हातारपनापत्तोर जागेवर ऱ्हावोत.