राजाच्या हाताआधी

(व्हर्सायच्या राजवाड्याबाहेरचा रस्ता, पेंटेकॉस्टच्या सणाची सकाळ. आत गंडमाळेचे रोगी राजाच्या स्पर्शासाठी रांगेत आहेत. वकील आंसेल्म, त्याची बायको पेरीन आणि म्हातारी आई तिएनेत परत निघालेत. त्यांची लहानगी लेक ओदिल पुढे कबुतरांमागे धावतेय.)

तिएनेत : पहाटेपासून गुडघ्यांवर बसवलंस म्हातारीला, आणि राजाचा जोडासुद्धा दिसला नाही.

आंसेल्म : त्या वैद्याला सांग ते. पोरीच्या गळ्यावरून बोटं फिरवली आणि म्हणे, गाठी कुठायत, उठा, जागा अडवू नका.

पेरीन : नाहीतच, तर दाखवणार काय होतात?

आंसेल्म : अगं, माझ्या ग्रंथाचं शेवटचं प्रकरण आहे ते. राजाची सत्ता थेट देवाकडून आलेली, त्याच्यावर ना कायदा, ना न्यायसभा. पुरावा काय, तर त्याच्या हातानं गाठी विरतात. पोटच्या पोरीचा दाखला देणार होतो.

पेरीन : राजाच्या वर कुणी नाही म्हणता, आणि वैद्य नको म्हणाला की राजाचा हात पोरीपर्यंत पोचत नाही.

तिएनेत : हे लिही की प्रकरणात.

आंसेल्म : थट्टा पुरे, आई. पेरीन, तिच्या गळ्याचा रुमाल रोज तूच सोडतेस. कधी विरल्या गाठी?

पेरीन : ईस्टरच्या सुमाराला.

आंसेल्म : आणि मला बोलली नाहीस?

पेरीन : रुमाल सोडायला घेतला की तुम्ही खोलीतून निघून जाता. कुणाला बोलू?

आंसेल्म : कामं असतात मला.

पेरीन : थोरल्या सिबीलला राजानं हात लावला, तर त्याच दिवशी तुम्ही ‘पोर बरी झाली’ म्हणून दारोदार सांगत सुटलात.

तिएनेत : द्राक्षं उतरायच्या आत पुरली पोर.

आंसेल्म : ते ग्रंथात नाही.

पेरीन : ठाऊक आहे. म्हणून तर ‘बरी’ हा शब्द माझ्याही तोंडून निघेना. आज वैद्यानं हाकललं आणि मला इतकं हलकं वाटलं, की रडूच आलं.

तिएनेत : मला वाटलं, अपमानानं रडतेयस.

आंसेल्म : आणि मी त्याच्याशी भांडत होतो. गाठ आहे, नीट चाचपा म्हणून.

तिएनेत : बापानं.

आंसेल्म : गळ्याकडे मी बघितलंच नाही, आई. ओदिल, इकडे ये बाळ. रुमाल काढू दे.

पेरीन : राहू द्या, वारं आहे.

आंसेल्म : असू दे. मान वर कर, हं. इकडेही नाही. पेरीन, बरी झालीय गं ही.