अनंतराव मशीनला नाही म्हणाले

वाणगावची, डहाणूची, तलासरीहून आलेली सगळी मंडळी, बसा. तुम्ही आलात, आधार वाटला. बोलणं जड जातंय. पण तुमच्यातल्या काहींच्या मनात एक प्रश्न आहे. ह्यांना शेवटी हॉस्पिटलात का नेलं नाही? त्याचं उत्तर मीच देते.

फुप्फुसाचा कॅन्सर होता. मुंबईचे उपचार झाले. मग तिथले डॉक्टरच म्हणाले, आता बरं होणार नाही. घरी आलो. दुखणं वाढत गेलं. एका दुपारी हे मला म्हणाले, "विमल, डॉक्टरांना विचार, एखादं इंजेक्शन देऊन मला सोडवतील का?"

मी विचारलं. हो, विचारलं. आपले इथले डॉक्टर शांतपणे म्हणाले, "वहिनी, कायद्यात ते बसत नाही आणि माझा हातही धजणार नाही. पण व्हेंटिलेटर नको म्हणायचा हक्क त्यांचा आहे. आता सुप्रीम कोर्टानंही तसं म्हटलंय. दुखणं कमी ठेवायचं माझ्याकडे लागलं."

ह्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चालेल. पण मशीन नको. घरीच ठेव."

माझे दीर, सुधाकर भाऊजी, इथे बसलेत. तेव्हा ते चिडले. म्हणाले, "वहिनी, दादाला असंच जाऊ द्यायचं? वलसाडच्या हॉस्पिटलात नेऊ." मी म्हटलं, "भाऊजी, मला नको, त्यांनाच विचारा."

भाऊजी उशाशी बसले. हे म्हणाले, "सुध्या, तुला मी हवाय, कळतं मला. पण मशीनवरचा तो श्वास माझा नसेल रे."

भाऊजी उठून निघून गेले. मला वाटलं, आता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी अंथरूण घेऊन आले आणि राहिले. कूस बदलायची, तोंड पुसायचं, गोळी द्यायची, सगळं त्यांनी केलं.

शेवटच्या सकाळी श्वास घरघरू लागला. भाऊजींनी ॲम्ब्युलन्सला लावायला फोन उचलला. ह्यांच्याकडे पाहिलं. फोन खाली ठेवला आणि दादाचा हात धरला. तो हात धरलेला असतानाच हे गेले.

इंजेक्शन मागितलं ते बरोबर की चूक? मला सांगता येत नाही. ज्याला सोसायचं होतं, त्यानं मागितलं होतं. एवढंच मी जाणते.

आता आपण उभे राहू. थोडा वेळ कोणी काही बोलू नका. भाऊजी, तुम्ही इकडे या, माझ्या शेजारी.